ब्रोटविकचा अकरावा गडी

१

मागावरचं कापड कुणीतरी कापून नेलं होतं, आणि नेणाऱ्याला कापड कापायची अक्कल नव्हती. दाक्षायणीबाई बिराजदार मागाजवळ वाकल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं ते हे. बाकी सगळ्यांना नुसती चोरी दिसत होती.

"अक्का, लई घोटाळा झाला बघा," विरेश हत्तुरे हात चोळत म्हणाला. "सातातली सहा वॉल हँगिंगं बाहेर मांडवात टांगलीत. पाचवं तेवढं मागावर होतं. नऊला नरसय्या काढायला आला, तर हे असं! संध्याकाळी पाचला पाहुणे येणार. त्यांना काय दाखवू, मोकळा माग?"

"आधी बाजूला हो. उजेड अडवतोयस."

विरेश मुकाट्यानं बाजूला झाला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा कारखाना, हाताखाली शंभरावर माणसं. पण बाईंनी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेला. तीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या टॉवेल-चादरी तपासल्या होत्या. टेबलावरून कापड सरकायचं आणि जिथं खोट दिसेल तिथं बाईंच्या हातातल्या लाल खडूची फुली पडायची. कारखानदार त्या खडूला सासूपेक्षा जास्त भीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खडू पर्समध्ये होताच. डॉक्टर स्टेथोस्कोप टाकून देतो काय?

काम मोठ्या मानाचं होतं. नॉर्वे देशात समुद्रकाठी ब्रोटविक नावाचं गाव आहे. तिथल्या फुटबॉल क्लबला यंदा एकशे वीस वर्षं झाली. क्लबच्या इतिहासातले सात प्रसंग निळ्या-पांढऱ्या धाग्यांत विणून द्यायचे, असं काम विरेशकडं आलं होतं. लाकूड कापायच्या गिरणीतल्या कामगारांनी १९०५ साली क्लब काढला तो प्रसंग, दुसऱ्या गावच्या सामन्याला होडी वल्हवत निघालेला संघ, प्रेक्षकांचा लाकडी सज्जा जळाला आणि गावानं तो एका उन्हाळ्यात परत उभा केला ते चित्र, बायकांच्या संघाचा पहिला गोल, अशी ती चित्रं. त्यांतलं पाचवं १९४५ सालचं, युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या संघाचं. नेमकं तेच गेलं होतं. क्लबचा इतिहास लिहिणारे ओड्वार नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ ती वॉल हँगिंगं न्यायला स्वतः सोलापुरात आले होते.

बाईंनी मागाला लटकणारा कापडाचा तुकडा बोटांत धरला. विणकर चित्राच्या शेवटी चार बोटं कोरी पट्टी विणतो, कात्री चालवायला. इथं कोरी पट्टी जशीच्या तशी होती. कात्री चित्राच्या काठातून वेडीवाकडी गेली होती, आणि अर्धा काठ मागालाच राहिला होता. बाईंनी सवयीनं त्यावर लाल फुली मारली.

"गेटवर कोण आहे?"

"निंगप्पा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघतोय. आज तर कुणी बाहेर गेलंच नाही."

"म्हणजे कापड आतच आहे."

"कापड असू दे अक्का, चोर सापडलाय." विरेशनं आवाज खाली आणला. "तुम्ही फक्त हो म्हणा, पाचच्या आत पोलिसांत देतो. आमची डिझाइनर, अक्षता."

२

अक्षता कोरे रडत नव्हती, संतापली होती. बाईंना ते बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाकडून नीट उत्तरं मिळत नाहीत.

"डिझाइनची फाइल माझ्या पासवर्डनं उडवलीय म्हणे, सकाळी सात चाळीसला," ती म्हणाली. "मागाचा पेन ड्राइव्हपण गायब. आणि सोमवारी माझा पानिपतच्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे, हे मी सरांना सांगितलं होतं. झालं! म्हणे डिझाइन घेऊन पळत होते. बाई, एकदा पोलिसांत नाव गेलं की डिझाइन चोरणारी म्हणून मला पानिपतच काय, इचलकरंजीतसुद्धा कुणी उभं करणार नाही. सहा वर्षं घातलीत मी या कामात."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत?"

अक्षतानं मान खाली घालून कॉम्प्युटरकडं बोट केलं. पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर पासवर्ड होता.

"छान. कुलूप लावलं आणि किल्ली दाराला टांगली," बाई म्हणाल्या. "सात चाळीसला तू कुठं होतीस?"

"मांडवात, पाट्या लावत. पण मधून आत येत होते. सगळेच येत होते. विरेशसर, नरसय्यामामा, ऑफिसातले सुबोधसर. आम्ही चौघंही सातलाच आलो होतो."

"बरं. आता चित्रात काय होतं ते सांग."

त्याबरोबर पोरीचा चेहराच बदलला. संघाचा जुना फोटो क्लबनं पाठवला होता. त्यात खेळाडू दहाच, आणि मागच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी. मग महिन्यापूर्वी सुबोधसरांनी आणखी एक फोटो पुढं पाठवला, एकट्या माणसाचा. खाली एवढंच लिहिलं होतं की हा त्या संघातला अकरावा खेळाडू.

"मला वाटलं, फोटोच्या दिवशी बिचारा आला नसेल. आपल्याकडं स्टुडिओवाले नाही का, लग्नाच्या फोटोत गेलेल्या आजोबांना आणून उभं करतात? तसं मी त्याला त्या जागी उभं केलं. एकट्याचा फोटो वरून कापला गेला होता, कपाळाच्या वर काहीच नव्हतं. म्हणून मीच त्याला एक टोपी घातली. पांढरी." तिनं बोटानं हवेत टोपीचा आकार काढला. "लई छान दिसत होता, बाई."

"मालकाला विचारलंस?"

"सर म्हणाले, पाहुणे खूश होतील."

नरसय्या मागाच्या पायरीवर बसून होता. पद्मशाली विणकर घरातला, पन्नास वर्षं मागावर काढलेला माणूस. आपल्या मागावर कुणी कात्री चालवली याचंच त्याला जास्त लागलं होतं.

"पोरगी चोर न्हाय, बाई. मोकळी जागा भरायला मीच सांगितलं तिला. एवढ्या चांगल्या कापडात मधेच माणसाएवढी जागा रिकामी, लोक म्हणतील नरसय्याचा धागा तुटला. तुमीच फुली मारली असती की."

"मारली असती," बाई म्हणाल्या. "अकरावा गडी तुला दिसला?"

"दिसला की. काल दुपारी विणला. निळ्या टोपीवाला."

"निळी?"

"व्हय. निळी." नरसय्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं, की तीस वर्षं कापड तपासलेल्या बाईनं असलं काही विचारावं याचं त्याला नवल वाटलं असावं.

बाई मात्र गालातल्या गालात हसल्या. दोघं दोन रंग सांगत होते, आणि दोघंही खरं बोलत होते. तिसरा कुठला रंग सांगतो, ते आता बघायचं होतं.

३

सुबोध जहागीरदार कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार बघायचा. इंग्रजी उत्तम, मराठी पुस्तकातल्यासारखं, वागणं अदबीचं. दारात बाईमाणूस दिसलं की खुर्ची सोडून उभा राहायचा; कारखान्यातल्या पोरी त्यावरून त्याची नक्कल करत. आज मात्र दाक्षायणीबाई आत आल्या तरी तो बसूनच राहिला.

"या, बसा ना. फार वाईट झालं. विश्वासच बसत नाही माझा."

"अक्षतावर?"

"तिच्याविषयी मी काहीच म्हणत नाही." तो पुढं सरकला आणि त्याचे गुडघे टेबलाच्या खणावर धाडकन आपटले. "विरेशसाहेबांना जे योग्य वाटेल ते."

"क्लबच्या इतिहासाचं पुस्तक तूच वाचलंस म्हणे."

सुबोधचा चेहरा खुलला. "तीनशे पानं. इंग्रजी भाषांतर त्यांनी पाठवलं होतं. मी त्याचा सारांश दोन पानांत आणला, डिझाइन करणाऱ्यांसाठी. स्थापना, रंग, मैदान, विजय, पराभव, सगळं. ते दोन कागद नसते तर ही वॉल हँगिंगं झालीच नसती, हे मी नम्रपणे सांगतो."

नम्रपणा तर ओसंडून चालला होता. बाईंनी ते दोन कागद घेऊन डोळ्यांखालून घातले. सन १९४० ते ४५ बद्दल एकच ओळ होती: युद्धामुळे खेळ बंद.

"युद्धाची पाच वर्षं एका ओळीत?"

"खेळच बंद होता. लिहिण्यासारखं काय असणार?"

"तेही खरंच. आणि डिझाइनकडं तू कधी लक्ष घातलंस?"

"छे. चित्रांतलं, कापडातलं मला काही कळत नाही. फोटो येतील ते पुढं पाठवायचे, एवढंच. अक्षताच्या कॉम्प्युटरला मी हातसुद्धा लावत नाही."

"मग पाचवं वॉल हँगिंग तू पाहिलंच नाहीस?"

"एकदा पाहिलं. काल दुपारी चारला नरसय्याला विचारायला गेलो होतो, कधी होतंय म्हणून. मागावरच पाहिलं तेवढं, त्याच्या खांद्यावरून." बोलता बोलता त्याचा आवाज हळू झाला. "सुंदर झालं होतं. मागच्या रांगेतला तो पांढऱ्या टोपीचा माणूस तर... अगदी समोर उभा असल्यासारखा."

दुखऱ्या दाताकडं जीभ सारखी जाते, तसा तो आपणहून त्या टोपीकडं गेला होता. बाईंनी कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"काल रात्री पाहुण्यांना जेवायला तूच नेलं होतंस ना? काय जेवले?"

"कडक भाकरी, शेंगा चटणी. त्यांना फार आवडलं."

"आणि तू?"

सुबोधनं टेबलावरचे कागद सारखे केले. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मांडवात सहा वॉल हँगिंगं वाऱ्यावर हलत होती आणि पाचव्याची जागा मोकळी होती.

४

सात रस्त्याजवळच्या हॉटेलात ओड्वार खिडकीशी बसून पावाला शेंगा चटणी लावून खात होते. नाक लाल झालं होतं, डोळ्यांत पाणी होतं, तरी खाणं चालूच होतं. बाईंना माणूस आवडला.

तीस वर्षं परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून बाईंचं इंग्रजी कामापुरतं पक्कं झालं होतं. भोक, डाग, तुटका धागा, कमी माल यांवर त्या दिवसभर बोलू शकत. आज त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्या क्लबच्या संघांचे फोटो बघायला मिळतील का.

ओड्वारांनी बॅगेतून जाड पुस्तक काढलं. दरवर्षी एक फोटो. बाई पानं उलटू लागल्या. सन १९४६, १९५८, १९८३, २०१९. केस वाढले, चड्ड्या लांब झाल्या, काळ्या-पांढऱ्याचे रंगीत झाले. पण बाईंचं बोट प्रत्येक पानावर एकाच जागी थांबत होतं. मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी जागा. प्रत्येक फोटोत मोकळी.

"खोट," बाई पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "नाही. ही मुद्दाम ठेवलेली आहे."

"ऐंशी वर्षांत तुम्ही पहिल्या परक्या आहात, न सांगता ओळखणाऱ्या," ओड्वार म्हणाले, आणि त्यांनी हकीकत सांगितली.

जर्मनांनी देश घेतला आणि खेळाचा कारभारही आपल्या ताब्यात घेतला, तेव्हा नॉर्वेतल्या खेळाडूंनी त्यांच्या सामन्यांना खेळायचंच नाकारलं. मैदानं ओस पडली. ब्रोटविकची पोरं मात्र रविवारी जंगलात, झाडं तोडून केलेल्या मोकळ्या जागेत चोरून खेळायची. थोरलाइफ नावाचा गडी गोलाची जाळी पोत्यात घालून सायकलवरून न्यायचा. एका रविवारी वाटेत त्याला पकडलं. पोत्यात जाळी, तीही बंदी असलेल्या सामन्याची. बाकीचे कुठं आहेत, असं त्याला विचारलं. त्यानं सांगितलं नाही. तो परत आला नाही. युद्धानंतर संघ फोटोला उभा राहिला तेव्हा दहा जणांनी त्याची जागा सोडली. तेव्हापासून ब्रोटविकच्या प्रत्येक संघाला उभं राहायच्या आधी ती जागा शिकवली जाते.

"थोरलाइफ माझे वडील," ओड्वार म्हणाले. "मी दीड वर्षाचा होतो. ते संघात आले आणि पुढच्याच वसंतात जर्मन आले. त्यामुळं संघाबरोबर त्यांचा एकही फोटो नाही. एकट्याचा एक आहे, तो मी पाठवला, सोबत हे सगळं पत्रात लिहून. विणणाऱ्यांना कळावं की ती जागा कुणाची आहे. काल जेवताना तुमच्या सुबोधना पुन्हा सांगितलं. मला उद्या फक्त ती मोकळी जागा बघायची आहे, म्हटलं. त्यांनी नंतर घास घेतला नाही. तब्येत बरी नसावी."

बाईंनी पुस्तक मिटलं. दोन्ही हातांनी ते परत दिलं. चोर कोण ते त्यांना कारखान्यातच कळलं होतं. का, ते आता कळलं, आणि कळल्यावर राग धरणं अवघड होऊन बसलं.

पण अक्षतावर आळ घालून गप्प बसणाऱ्यावर राग धरायलाच हवा होता. त्यांनी रिक्षा थांबवली.

५

साडेतीनला विरेशच्या ऑफिसात सगळे जमले. विरेश, अक्षता, नरसय्या आणि सुबोध. विरेशनं तक्रारीचा कागद टाइप करून तयारच ठेवला होता. बाईंनी तो उचलला आणि मधोमध लाल फुली मारली.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," त्या म्हणाल्या. "विरेश, पहिला संशय मला तुझाच आला होता. पोरगी पानिपतला जायला निघाली, तर तिच्यावर आळ घालून तिला इथंच ठेवून घ्यायचं. कारखानदाराचं डोकं मला चांगलं माहीत आहे."

"अक्का!"

"गप बस, सुटलास तू. का सुटलास ते ऐक. कापड कोऱ्या पट्टीवर कापलेलं नाही, काठातून कापलंय. नरसय्या झोपेतसुद्धा असं कापणार नाही. अक्षता ती पट्टी स्वतः डिझाइनमध्ये घालते. आणि तुला तुझ्या वडिलांनी दहाव्या वर्षी कात्री धरायला शिकवलं, मी तिथं होते. राहिला कोण? कापडातलं काही कळत नाही असं जो स्वतःच सांगतो तो."

सुबोध ताठ बसून होता. "बाई, एवढ्यावरून तुम्ही..."

"एवढ्यावरून नाही." बाईंनी शेल्फावरून एक चादर ओढली. निळ्या जमिनीवर पांढरा मोर. त्यांनी ती उलटी केली. पांढऱ्या जमिनीवर निळा मोर झाला. "सोलापूरच्या पोराटोरांना हे माहीत असतं. एका बाजूला जे पांढरं, ते दुसऱ्या बाजूला निळं. नरसय्या, मागावर चित्राची कुठली बाजू वर असते?"

"उलटी. सुलटी खाली. आमाला सुलटी बघायला कापड उतरवावंच लागतं."

"म्हणून तुला टोपी निळी दिसली. अक्षतानं ती कॉम्प्युटरवर काढली, तिला पांढरी माहीत. आणि सुबोध, तू म्हणालास, मी फक्त मागावर पाहिलं, नरसय्याच्या खांद्यावरून. तुला पांढरी कशी दिसली?"

सुबोधनं समोरच्या चादरीची कड सारखी केली.

"फोटोत," सुबोध म्हणाला. "तो फोटो मीच पुढं पाठवला होता."

"फोटोत टोपीच नाही. कपाळाच्या वर फोटोच नाही. टोपी या पोरीनं मनानं घातली. ती दोनच ठिकाणी पांढरी होती, तिच्या फाइलमध्ये आणि कापडाच्या सुलट्या बाजूला. फाइलमध्ये पाहिली असलीस तर कॉम्प्युटरला हात लावणारा तू. कापडावर पाहिली असलीस तर कापड उतरवणारा तू. कुठलं घेतोस?"

सुबोधनं मोराची चादर बाजूला सारली.

"आणि आता उठून उभा राहा," बाई म्हणाल्या. "इथं नाही, तुझ्या टेबलाशी चल. सकाळी मी आले तेव्हा तू उठला नाहीस, आणि गुडघे खणाला आपटले. एका दिवसात माणूस चार बोटं उंच होत नाही."

विरेश धावतच गेला. सुबोधच्या खुर्चीवरची गादी उचलली तर खाली घडी घातलेलं पाचवं वॉल हँगिंग होतं, आणि घडीत पेन ड्राइव्ह.

"फाडायचं होतं," सुबोध भिंतीला टेकून म्हणाला. त्याचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेलं होतं. "हात धजावला नाही हो. एवढं चांगलं विणलेलं. त्यांच्या पत्रात सगळं होतं, मी वाचलंच नाही नीट. फोटो काढून पुढं ढकलला. काल ते म्हणाले, मला फक्त मोकळी जागा बघायचीय... आणि तिथं आपण माणूस उभा केलेला. माझ्यामुळं. ते बघून त्या म्हाताऱ्याला काय वाटेल? आणि सगळ्यांना कळलं असतं, तीनशे पानं वाचणारा मी, एक पत्र वाचलं नाही."

"आणि माझं काय?" अक्षता म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सुबोधला तिच्याकडं बघवेना. "मला पोलिसांत देणार होते, सर. तुम्ही समोर बसून होतात."

"चुकलं माझं," सुबोध म्हणाला. "ते पत्र न वाचण्यापेक्षा हे मोठं चुकलं."

विरेशनं तक्रारीच्या कागदाचे तुकडे केले. मग घड्याळाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "अक्का, कापड तर सापडलं. पण हे त्यांना दाखवायचं कसं? लपवून ठेवू? विणताना खराब झालं म्हणून सांगू?"

"तीस वर्षांत मी एक नियम मोडला नाही," बाई म्हणाल्या. "आपली खोट गिऱ्हाइकाला आधी आपण दाखवायची. सुबोध, घडी तू घातलीस. उलगडणार पण तूच."

६

पाचला ओड्वार आले. सहा वॉल हँगिंगं त्यांनी एकेक करून पाहिली, काठावर हात फिरवला, होडीतले लोक मोजले, बायकांच्या संघाच्या गोलापाशी टाळ्या वाजवल्या. मग पाचव्याच्या मोकळ्या जागेपाशी येऊन उभे राहिले.

सुबोधनं आधी सगळं सांगितलं. पत्र वाचलं नाही, चोरी केली, आळ दुसरीवर जाऊ दिला. एकही शब्द गाळला नाही. मग त्यानं आणि नरसय्यानं दोन टोकं धरून कापड उलगडलं.

ओड्वार जवळ गेले. चष्मा पुसला. दहा खेळाडूंबरोबर, मागच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या जागी, निळ्या-पांढऱ्या जर्सीत थोरलाइफ उभा होता, डोक्याला पांढरी टोपी. शेजारच्याचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. विरेश घामाघूम झाला. अक्षतानं दाक्षायणीबाईंचा हात घट्ट धरला.

"आई सांगायची," ओड्वार शेवटी म्हणाले, "की ते बर्फातसुद्धा टोपी घालत नसत. रोज त्यावरून भांडण." त्यांनी एक बोट त्या टोपीवर ठेवलं. "ही कुणी घातली?"

अक्षता पुढं झाली. "थंडी असेल असं वाटलं मला," ती म्हणाली. बाईंनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं.

म्हाताऱ्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि हसता हसता तो रडायला लागला. नरसय्यानं कापडाचं टोक सोडलं नाही, पण तोंड दुसरीकडं वळवलं.

"हे क्लबमध्ये लागणार नाही," ओड्वार डोळे पुसून म्हणाले. "तिथं ती जागा मोकळीच हवी. हे माझ्या घरी लागेल, माझ्या पलंगासमोर. चौऱ्याऐंशी वर्षांत वडिलांना त्यांच्या मित्रांबरोबर मी पहिल्यांदा बघतोय. आणि क्लबसाठी दुसरं विणून द्याल? मी थांबतो."

ते चार दिवस थांबले. रोज शेंगा चटणी खाल्ली. फाइल उडवलेली होती, पण पेन ड्राइव्ह होता. अक्षतानं त्यातून अकरावा गडी काढला आणि मागावरचं कापलेलं टोक नरसय्यानं पुन्हा ताणून बांधलं. सुबोधनं ते पत्र मोठ्यानं वाचून दोघांना शब्द न् शब्द मराठीत सांगितलं. अक्षता सोमवारी पानिपतच्या इंटरव्ह्यूला गेली, विरेशनंच तिकीट काढून दिलं.

पाचव्या दिवशी नवं वॉल हँगिंग तपासणीच्या टेबलावर आलं. दाक्षायणीबाईंनी चष्मा लावला, लाल खडू हातात घेतला. नरसय्या हळूहळू कापड सरकवू लागला. काठ, पाय, चेंडू, पुढची रांग. मग मागची रांग आली. पहिला गडी, आणि त्याच्या पलीकडं नुसतं निळं, माणसाएवढं रुंद, वरपासून खालपर्यंत.

तीस वर्षांच्या सवयीनं बाईंचा हात वर गेला होता. त्या थोडा वेळ त्या जागेकडं बघत राहिल्या. मग त्यांनी खडू पर्समध्ये ठेवला.

"पुढं घे, नरसय्या," त्या म्हणाल्या.